कडवंचीचे भागभांडवल

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मोंढ्यातील पेढ्यांवर अजूनही ऐकू येते. परंतु याच तालुक्यातील कडवंचीच्या उतारांवरील द्राक्षबागा पाहताना हा अवर्षणाचा मुलूख आहे, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

१९९६च्या सुमारास येथे भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे अनुदान नाबार्डमार्फत आले. खरपुडीच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, ते माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर आणि बांधबंदिस्तीत घातले. मात्र गावानेही श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, अशी अट होती. व्यापाऱ्याच्या भाषेत हे मार्जिन मनी. स्वतःचे काही गुंतले की माणूस डोळ्यांत तेल घालून राखण करतो. चार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला चराईबंदी किती महाग पडते, हे मात्र ताळेबंदात उमटत नाही.

२०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. कडवंचीची द्राक्षे तगली. आज शिवारात प्लास्टिक अंथरलेली शेततळी शेकड्यांनी आहेत. ती बहुधा विहिरींच्या उपशावर भरतात, आणि तळे एकाचे असले तरी जमिनीखालचे पाणी साऱ्यांचे. अनुदानाची मुदत केव्हाच सरली. या उपशाची खतावणी गावालाच लिहावी लागणार आहे.