दात परके, ओठ आपले

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझा शेवटचा दात पडला, म्हणजे पाडला, तेव्हा मला कळलं की 'दात काढणे' आणि 'दातओठ खाणे' हे वाक्प्रचार वापरायलासुद्धा भांडवल लागतं. माझं भांडवल पायरियाने हप्त्याहप्त्याने खाल्लं होतं. मी बी.कॉम. झालेला माणूस. घसारा यंत्रसामग्रीवर लावतात एवढंच शिकलो होतो. तो तोंडातही लागतो हे दंतवैद्यांनी शिकवलं.

हिरड्या भरून यायला काही महिने गेले. तेवढा काळ मऊ भात, मुगाची खिचडी आणि सौ.ची दया यांवर काढला. बँकेत काउंटरवर तोंडापुढे हात धरून बोलायचो. एक वयस्कर खातेदार पुढे वाकून हळूच म्हणाले, "साहेब, खरं सांगा. बँक बुडतेय का?"

मग कवळी निवडायचा दिवस आला. डॉक्टरांनी रंगाच्या दुकानातल्या कार्डासारखी दातांची एक पट्टी समोर धरली. पांढऱ्याच्या इतक्या छटा असतात हे घराला चुना लावतानाही कळलं नव्हतं. मी सर्वांत पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. पैसे मोजायचे तर निदान दिसले तरी पाहिजेत!

"एकूण दात किती बसतील?" मी सवयीने विचारलं.

"अठ्ठावीस."

"पण होते बत्तीस. चारचा फरक येतोय."

"अक्कलदाढा कवळीत बसवत नाहीत."

"ह्यांना काही फरक पडणार नाही," सौ. म्हणाली.

पुढच्या खेपेला मेणात रोवलेले दात तोंडात घालून आरसा दिला. राष्ट्रगीताला उभे राहिल्यासारखे शुभ्र, सरळ दात! मी खूष. सौ. मात्र गप्प. तिनं पर्समधून आमच्या लग्नातला फोटो काढून डॉक्टरांपुढे ठेवला. पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला, म्हणून मी जन्मभर ओठ मिटून फोटो काढले. त्या एका फोटोत तेवढा भान विसरून हसलो होतो.

"हा दात असाच बसवा," ती म्हणाली. "आणि रंग जरा पिवळटच बरा. घरी आणखी कुणी पाहुणा नको."

डॉक्टरांनी मेण मऊ करून तो दात किंचित वळवला. पुन्हा आरशात पाहिलं, तर मीच!

प्रत्यक्ष कवळी आली तेव्हा मात्र तोंडात कुणी कपबशी विसरून गेल्यासारखं वाटलं. वरची टाळूला चिकटून बसते. खालची घोड्याच्या नालासारखी. तिला धरून बसायला जागा कमी, त्यात जीभ सारखी ढकलणारी. 'सहा हजार सातशे सदुसष्ट' म्हटलं की शिट्टी वाजायची. मग रोज पेपर मोठ्याने वाचू लागलो. घास लहान आणि चावणं दोन्ही बाजूंनी. कुठं टोचलं तर घरची कानस न काढता डॉक्टरांकडे जायचं. धुताना खाली पाण्याचं पातेलं, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. उकळतं पाणी वर्ज्य, आकार बिघडतो. धीर सुटला की जॉर्ज वॉशिंग्टन आठवायचे. १७८९ साली ते अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता. त्यांनी देश चालवला. मला फक्त काउंटर चालवायचा होता.

घोडं अडलं ते रात्री. हिरड्यांना विश्रांती म्हणून झोपताना कवळी काढून पाण्यात ठेवायची असते. बोळकं तोंड सौ.ला कसं दाखवायचं? दात पाडल्यापासून मी भिंतीकडे तोंड करूनच झोपत होतो. आठवडाभर दिवा मालवल्यावर कवळी काढून पलंगाखाली वाटीत लपवली. एका रात्री हात लागून वाटी लवंडली. सौ.नं दिवा लावला. मी पांघरुणात तोंड खुपसलं.

"अहो, बावीस वर्षं तोंड उघडं टाकून घोरताय. आतलं सगळं पाहिलंय मी. झोपा आता."

मी बोळक्या तोंडाने हसलो. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी उशाशी झाकणाची एक डबी आली. हल्ली रात्री तिचा चष्मा आणि माझे दात शेजारी शेजारी झोपतात. तिला मी नीट दिसत नाही आणि मला धड बोलता येत नाही. संसार उत्तम चाललाय.