खांब तिरके की व्हिडिओ?

मागच्या महिन्यात चुलतभावाने गावाहून एक व्हिडिओ पाठवला. शेताच्या हायवेकडच्या बाजूला कुंपणासाठी सिमेंटचे नवे खांब रोवलेत. व्हिडिओत झाडून सगळे खांब एकाच बाजूला कललेले! बाबांचं डोकंच फिरलं. खांब रोवणाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं, उरलेले पैसे मिळणार नाहीत म्हणून सांगून टाकलं. तो बिचारा म्हणत होता, "काका, ओळंबा लावून रोवलेत हो."

मला एक गोष्ट खटकली. जवळचे खांब जास्त कलले होते, मागचं कडुलिंबाचं झाड अगदी थोडं. भावाला विचारलं, "गाडी चालू होती का रे?"

"मग काय! साठने होती. खिडकीतून मोबाईल आडवा धरून काढला."

हात्तिच्या!

तर मंडळी, भानगड अशी. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत सीसीडी सेन्सर असायचा (1969 साली बेल लॅब्समध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी शोधला, 2009 साली नोबेल मिळालं). आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसा प्रत्येक पिक्सेल आपला चार्ज शेजाऱ्याला देतो आणि मोजणी एका टोकाला होते. त्यातल्या इंटरलाइन प्रकारात सगळे पिक्सेल आपला चार्ज एकाच क्षणी शेजारच्या झाकलेल्या खान्यात टाकतात, मोजणी नंतर निवांत. मोबाईलमध्ये असतो सीमॉस. इथे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर, पण वाचन वरून खाली, एकेक ओळ करत. समजा अख्खी फ्रेम वाचायला 30 मिलिसेकंद लागले. साठच्या स्पीडला तेवढ्यात गाडी अर्धा मीटर पुढे जाते! खांबाचा शेंडा आधी टिपला, बुंधा नंतर. तोवर बुंधा फ्रेममध्ये मागे सरकलेला. झाला खांब तिरका.

बाबांना हे सगळं सांगितलं. "तुमचं कॉम्प्युटरचं मला सांगू नकोस," इति बाबा. मग भावाला म्हटलं, परत येताना तसाच अजून एक व्हिडिओ काढ. त्यात तेच खांब बरोब्बर उलट्या बाजूला कललेले!

बाबांनी दोन्ही व्हिडिओ तीन-तीनदा पाहिले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी गॅलरीत जाऊन फोन लावला. "चुकलं माझं" वगैरे काही म्हणाले नाहीत. फक्त, "उद्या पैसे घेऊन जा. आणि जेवूनच जा."

असो. आमच्याकडे माफी अशीच मागतात.