पाटीवरचे नाव

नवी पेढी उघडताना जागा, माल आणि भांडवल यांचा हिशेब होतोच. पण घरातील वडीलधारी मंडळी खरी अडतात ती पाटीवरच्या नावापाशी. कोणी आजोबांचे नाव सुचवितो, कोणी लेकीचे. संगणकाच्या व्यवहारातही हीच रीत आढळते.

ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो, तिला मुक्त स्रोत म्हणतात. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली अशाच एका प्रणालीस आपल्या प्रेयसीच्या, डेब्राच्या, नावाशी स्वतःचे नाव जोडून 'डेबियन' म्हटले. पुढे त्यांचा विवाह झाला आणि मोडलाही. मर्डॉक २०१५ साली निवर्तले. जोडनाव मात्र आजही टिकून आहे.

फिनलंडच्या मायकेल विडेनियस यांची कथा व्यापाऱ्यास अधिक जवळची वाटेल. 'मायएसक्यूएल' ही नोंदी सांभाळणारी आज्ञावली, म्हणजे संगणकातील खतावणीच. त्यातील 'माय' म्हणजे इंग्रजीतील 'माझे', असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते त्यांच्या थोरल्या मुलीचे नाव आहे. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरना विकत घेतली. पुढच्याच वर्षी सन कंपनी ओरॅकलकडे जाणार असे जाहीर झाले, आणि ओरॅकलचा मुख्य धंदा अशाच आज्ञावल्या विकण्याचा! आपल्या कृतीचे आता काय होणार, ही चिंता विडेनियस यांना लागली.

विक्रीत लेकीचे नाव गेले होते. ते परत मागण्याचा हक्क उरला नव्हता. परंतु मूळ मजकूर मुक्त परवान्याखाली होता, तो कोणालाच कुलुपात ठेवता येत नव्हता. विडेनियस यांनी २००९ साली तोच मजकूर घेऊन नवे काम मांडले आणि पाटीवर धाकट्या मुलीचे नाव लिहिले : 'मारियाडीबी'. पत मात्र पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागली. २०१३ साली विकिपीडियाचा कारभार या नव्या खतावणीवर आला, तेव्हा ती जमली असे म्हणता आले.

घराण्याचे नाव विक्रीखतात लिहून देताना धनी मोबदल्याचा आकडा दोनदा तपासतो. त्या नावाने उद्या कोण, कसा व्यवहार करील, हेही तेवढ्याच काळजीने तपासावे. विडेनियस यांना दुसरी लेक होती, आणि विद्याही हाती होती. प्रत्येकाकडे दुसरी पाटी असतेच असे नाही.