मुरडीचा मोदक

चि. मुक्ता,


गणपतीच्या आमंत्रणाचा मेसेज मिळाला. 'मावशी, बरा झालाय का?' असं विचारलंस म्हणून लिहायला बसले. मजकूर नेटका आहे. पण 'जेवायला उकडीचे' एवढं लिहून पुढे इमोजीचं चित्र चिकटवलंस, ते काय गं? अर्धगोल, काठाला मुरड घातलेली ती चक्क करंजी दिसते. मुखऱ्या कुठे, वरचं नाक कुठे? माईच्या हाताखाली उकड मळलेली मुलगी तू!

ते डंपलिंग आहे. २०१७ साली आलं, तेही जेनिफर ली आणि यीयिंग लू या दोघी हात धुऊन मागे लागल्या, रीतसर प्रस्ताव लिहिला, म्हणून. मुळातली खाण्याची चित्रं जपानी मोबाइल कंपन्यांची. २०१० साली युनिकोडने, म्हणजे अक्षरा-चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संस्थेने, ती उचलली, त्यामुळे काडीला टोचलेले डांगो पहिल्या पंगतीला बसले, करी-भातही जपानी पद्धतीचा. आपला नारळ २०१७ला आला, आंबा २०१८ला. कोकणात कुणाला विचारलंच नसणार.

आणि तू चित्र पाठवतच नाहीस, नुसता क्रमांक पाठवतेस. चित्र समोरच्याचा फोन त्याच्या मनाप्रमाणे काढतो. गूगलच्या बर्गरमध्ये चीज टिक्कीच्या खाली गेलं, तेव्हा 'हातातली कामं टाकून हेच बघतो' असं सुंदर पिचाईंना, थट्टेने का होईना, जाहीर लिहावं लागलं होतं. अण्णाकाकांना तर चित्र दिसतच नाही, फोन वाचून दाखवतो तेवढंच. त्यांचा सकाळीच फोन: "मुक्ताकडे यंदा उकडीचे डंपलिंग आहेत म्हणे. मला चालतील ना?" काय सांगू त्यांना?

'मोदकाचं चित्रच नाही, मग मी काय करू?' म्हणशील. अगं, मग प्रस्ताव लिही! कुणालाही लिहिता येतो. फक्त एक मेख आहे. जुन्या चिन्हावर काम भागत असेल, तर ते नव्याच्या विरोधात धरतात. म्हणजे तुम्ही सगळ्या मिळून दर चतुर्थीला डंपलिंगवर भागवता आणि आपल्याच मोदकाची वाट अडवता. हे तुझ्या त्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही सांग, हसल्या तरी चालेल.

पण मिळालाच क्रमांक, तर पुढची धास्ती वेगळीच. एकदा दिलेला क्रमांक युनिकोड मागे घेत नाही. आणि काढणारा कोण? ज्याने मोदक कधी हातात धरला नाही, असा कुणीतरी साच्यातला पेढ्याचा मोदक बघून काढेल, झालं! पिढ्यान्‌पिढ्या पोरं तोच मोदक समजतील. तू लिहायला घेणार असलीस तर मुखऱ्यांचे फोटो वरून आणि बाजूने, दोन्ही जोड. मोदक मी करून दिले असते, पण यंदा मनगट साथ देत नाही.

सध्या आमंत्रणात 'मोदक' असं सरळ अक्षरांत लिही, आणि हवं तर चित्र शेवटी टाक. पिठी कुठून आणणार आहेस? दुकानातली तयार घेऊ नकोस, गेल्या वर्षी पारी उकलून सारण पाण्यात गेलं होतं. आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून दळून आण. आणि अण्णाकाकांना तूच फोन कर.

तुझी,
शालूमावशी