देवळालीचा ताप, अंधेरीचा टॅप

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता अंधेरीच्या न्यू लिंक रोडवरून जाणं म्हणजे रिक्षात बसल्या बसल्या म्हातारं होणं. तरी जायचं. रोडलगतच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, गाळ्यांच्या रांगेत ‘डुलाली’चा टॅपरूम आहे. बाहेरून वाटतं, इथे स्क्रू नाहीतर पुठ्ठ्याचे खोके बनत असतील. आत शिरलात की बोर्ड गेम्स, जेंगाचे ठोकळे धाडकन कोसळल्याचे आवाज आणि गळ्यातलं आयकार्ड काढायचंही भान नसलेली तुमच्या-माझ्यासारखी जनता. समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, हा मुंबईतल्या पबचा मोठाच गुण म्हणायला हवा!

या मंडळींनी सुरुवात केली पुण्यात, २००९ साली, कोरिंथियन्स क्लबमध्ये. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे दोन मित्र आणि ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रुअर. मायक्रोब्रुअरी हा शब्दच तेव्हा आपल्याकडे नवा होता. कारखान्यातली बाटलीबंद बिअर महिनोन् महिने टिकावी म्हणून बनवलेली असते. इथली ताजी, आणि ताजी असतानाच प्यायची. दूध आणि दुधाची पावडर यांत जेवढा फरक, साधारण तेवढाच.

या वेळी माझ्यासोबत नेहमीची गँग नव्हती. बाबा होते. नाशिकहून डोळे दाखवायला आले होते, आई ठाण्याला मावशीकडे उतरली होती. घरी डाळ-खिचडी लावायच्या ऐवजी मी म्हटलं, चला. बाबा वर्षातून दोन-तीनदा, मित्रांबरोबर, लंडन पिल्सनर घेतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल कुणीही कधीही बोललेलं नाही. मी घेते, हेही तसंच. अठ्ठावीस वर्षांची झाले तरी.

“नाव काय म्हणालीस?”

“डुलाली.”

“डुलायला लागतात म्हणून?”

मग मी सांगितलं, आणि खरी मजा तिथून सुरू झाली. कारण बाबा देवळाली कॅम्पात वाढलेले आणि ‘डुलाली’ म्हणजे साहेबाच्या तोंडची आपली देवळालीच. १८६१ मध्ये ब्रिटिशांनी तिथे लष्करी तळ वसवला. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन बोटीची वाट बघत बसायचे. बोटी सुटायच्या नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये पोचलेल्याचे सहा-सात महिने नुसते बसून. हाताला काम नाही, वर ऊन आणि मलेरिया. डोकं फिरलं की सोबती म्हणायचे, याला ‘डुलाली टॅप’ झाला. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजीत आजही चक्रमाला ‘डुलाली’ म्हणतात.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. “आम्ही कॅम्पात त्या जुन्या बराकींच्या बाजूने शाळेत जायचो. आणि हे कुणी सांगितलं नाही कधी.”

चाखायला छोटे ग्लास मागवले. पहिली हेफेवाइझन. हेफे म्हणजे यीस्ट, वाइझन म्हणजे गहू. गाळत नाहीत, म्हणून गढूळ दिसते. वास चक्क पिकल्या केळ्याचा, मागून थोडी लवंग. यात ना केळं घातलेलं असतं ना लवंग, हा सगळा त्या खास यीस्टचा प्रताप. बाबांनी ग्लास दिव्यासमोर धरून बघितला, जसा ते गावच्या विहिरीचं पाणी बघतात.

दुसरी बेल्जियन विटबिअर. हीसुद्धा गव्हाची, पण हिच्यात संत्र्याची साल आणि धणे घालतात.

“धणे? बिअरमध्ये?” एक घोट. मग दुसरा, सावकाश. “आईला सांगू नकोस, पण बरे लागतायत.”

स्टाउटवर मात्र आमचं फाटलं. काळीभोर, भाजलेल्या बार्लीमुळे कॉफीसारखी कडवट. मला जाम आवडते. बाबांच्या मते हा काढा आहे आणि काढ्याचे पैसे वैद्याने घ्यावेत. सायडर सफरचंदाचा, म्हणजे ती बिअर नव्हेच. गोडसर, पटकन संपतो. पुढे.

एव्हाना बाबांना त्यांच्या काळचा परमिट रूम आठवला होता. हिरवा बल्ब, पडदा, कुणी ओळखीचं दिसेल म्हणून दाराकडे पाठ. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि ‘परमिट रूम’ हे नाव त्याच्यावरूनच पडलं. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. बाबांकडे आयुष्यभराचा आहे, लॅमिनेट केलेला. तो कपाटात एलआयसीच्या फायलीत असतो, ही बातमी मला त्या रात्री कळली.

आणि दुसरीही एक कळली. देवळालीच्या घराला गिऱ्हाईक आलंय. आजोबांनी बांधलेलं, कौलारू, मागे पेरूची दोन झाडं. गेली चार वर्षं बंद. बाबांनी हे टेबलावरच्या पाण्याच्या डागाकडे बघत सांगितलं. फोनवर तीनदा सांगायला गेले म्हणे, आणि तिन्ही वेळा मी मीटिंगमध्ये.

“तुला हवंय का ते? नको असेल तर मोकळं करू. नुसतं वाट बघत ठेवण्यात अर्थ नाही.”

शेजारच्या टेबलावर जेंगा पडला, पोरं ओरडली. मी म्हटलं, मला आधी एकदा बघायचंय, आत जाऊन, कुलूप काढून. पावसाळ्यानंतर, एक अख्खा वीकेंड. गिऱ्हाईक थांबेल का?

“विचारतो,” बाबा म्हणाले. मग वेटरला हात करून, अगदी सराईतासारखं, “ते धण्यावालं आणा हो अजून एक. मोठ्यात.”