अर्धा छापलेला कागद

श्रावण लागला की आमच्या परंडा गावाच्या बाजारात पूजेच्या सामानाबरोबर जिवतीचा कागद येतो. वर खांबातून प्रकटलेला नरसिंह आणि कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मध्ये लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. कागद पातळ, छपाई साधी, किंमत किरकोळ. पण तो भिंतीला चिकटला की घरात श्रावण आला असं वाटतं. शुक्रवारी आई त्याला कापसाचं वस्त्र आणि आघाडा-दूर्वांची माळ घालते, मुलांना ओवाळते, जे लेकरू परगावी आहे त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकते. आलेल्या बायकांना दूध-साखर आणि फुटाणे देते. त्या दिवसाचा सगळा खर्च एवढाच.

सणावाराला आणि सुट्टीत मुलांसाठी घरच्या घरी कागदाच्या वस्तू आणि खाऊ करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. किल्ला, आकाशकंदील, तिळगुळाच्या पुड्या, राख्या, बैलपोळ्याच्या झुली. नमुना हाताने काढायचा, त्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि गल्लीतल्या मुलांना वाटायच्या. या कामातलं माझं पहिलं शिक्षण जिवतीच्या कागदापाशी झालं. त्यावर देव छापलेले असतात, पण माळ, अक्षता, कहाणी, ओवाळणं हे सगळं घरच्या माणसांनी घालायचं असतं. म्हणून मी नमुना काढते तेव्हा त्यात काय छापायचं याच्या आधी काय मोकळं सोडायचं ते ठरवते.

छापील चित्र सामान्य घरात आलं त्याला फार काळ झालेला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात १८७८ साली चित्रशाळा काढली आणि १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. शिळाछापावर निघालेली देवादिकांची रंगीत चित्रं तिथून गावोगाव गेली. त्याआधी भिंतीवर चित्र हवं तर चितारी बोलवावा लागे किंवा बाईनं स्वतःच्या हातानं गेरू आणि चुन्यानं काढावं लागे. आता छापण्याचं काम तहसीलच्या गावातलं झेरॉक्सचं दुकानही करतं, तेही चहाच्या किमतीहून कमी पैशांत. इतकं स्वस्त साधन हाताशी असताना मुलांच्या सणाला बाजारातून तयार वस्तूच आणायच्या, हे मला पटत नाही.

झेरॉक्ससाठी नमुना काढायची एक रीत आहे. रेघ काळ्या शाईची आणि ठसठशीत हवी. पेन्सिलीची छटा मशीनमधून डागासारखी उतरते. ए-फोर कागद २९.७ बाय २१ सेंटिमीटरचा असतो आणि तो मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, म्हणून एकच चित्र लहान-मोठं करता येतं. कापायची रेघ अखंड, दुमडायची रेघ तुटक, हे एकदा ठरलं की वाचता न येणारं मूलही नमुना वाचतं. चिकटवायची पट्टी किमान एक सेंटिमीटर रुंद ठेवावी. त्याहून कमी असली तर लहान बोटांना ती दाबून धरता येत नाही. जाड कागद दुमडण्याआधी त्यावर पट्टी धरून संपलेल्या रिफिलनं रेघ ओढायची, मग घडी सरळ पडते. चिकटवायला गव्हाच्या पिठाची पातळ खळ पुरते. ती टिकावी म्हणून पूर्वी मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतं, म्हणून मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत मी चिमूटभर तुरटीची पूड घालते आणि खळ ताजीच करते.

सगळ्यात जास्त मागणी दिवाळीतल्या किल्ल्याच्या नमुन्याला असते. महाराष्ट्रातली मुलं अंगणात दगडमातीचा डोंगर रचून त्यावर शिवनेरी नाहीतर रायगड करतात. परंड्याचा किल्ला मात्र भुईकोट. सपाट जमिनीवर, गावाला लागून, खंदकाच्या मागे दुहेरी तट घेऊन उभा. अहमदनगर मुघलांनी घेतल्यावर काही काळ निजामशाहीचा कारभार इथून चालला. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ साली इथूनच विजापूरला गेली. तटावर आजही तोफा आहेत आणि मुलं त्यांच्यावर बसून मोठी होतात. घरापासून हाकेच्या अंतरावर असा किल्ला असताना दिवाळीत फक्त डोंगरी किल्लेच का करायचे, म्हणून मी परंड्याचा नमुना काढला. भुईकोट असल्यामुळे तो कागदात फार छान बसतो.

त्याला दोन जाड ए-फोर कागद लागतात. प्रत्येकाच्या आडव्या तीन पट्ट्या, सात सेंटिमीटर रुंदीच्या. सहापैकी चार पट्ट्या चार बाजूंचे तट. खालचा दीड सेंटिमीटर दुमडून पुठ्ठ्यावर चिकटवला की साडेपाच सेंटिमीटरची भिंत उभी राहते. उरलेल्या दोन पट्ट्यांचे तीन-तीन तुकडे केले की सहा बुरूज मिळतात: चार कोपऱ्यांना, दोन दरवाज्याच्या अंगाला. बुरुजाचा तुकडा आधी पेन्सिलीवर गुंडाळून वाकवायचा, मगच त्याची नळी चिकटवायची. घाईनं नळी केली तर कागद मोडतो आणि बुरूज चौकोनी दिसतो. नळीच्या खालच्या कडेला एकेक सेंटिमीटरच्या चिरा द्यायच्या आणि त्या बाहेर पसरायच्या. त्या पाकळ्यांवर बुरूज पक्का बसतो आणि तटाहून अर्धा सेंटिमीटर उंच राहतो. खऱ्या तटावर मध्ये आणखी बुरूज आहेत, ते मी सोडून देते. कागदाला सहा पुरेत.

या नमुन्यात दगड छापलेले नाहीत. चर्या नाहीत, दरवाजा नाही, तोफा नाहीत. भिंत कोरी असते. मुलांना सांगायचं, आधी किल्ल्यावर जाऊन या आणि मग काढा. ती जातात. येताना दगडांच्या थरांची आडवी-उभी मांडणी डोळ्यांत घेऊन येतात. एका मुलीनं तटाच्या मध्यावर फांदी काढली आणि तिला पानं काढली. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, भिंतीतनं पिंपळ आलाय तिथं, तुम्ही बघितला नाही का?” मी दगड छापून दिले असते तर तो पिंपळ कागदावर आला नसता. तटाभोवती खंदकाच्या जागी मुलं माती पसरून हळीव पेरतात. तीन-चार दिवसांत हिरवळ उगवते आणि खऱ्या खंदकातल्या गवताची आठवण करून देते. तोफेसाठी जुन्या वहीचा कागद घट्ट गुंडाळायचा.

आमच्या भागात कागदाइकतंच हक्काचं साधन म्हणजे ज्वारीचं धाट. परंडा रब्बीच्या ज्वारीचा मुलूख. कडब्याची गंज असलेलं घर शोधावं लागत नाही. वाळलेलं धाट पेरापाशी कापायचं, वरचं सालपट सोलायचं, आत पांढरं हलकं भेंड निघतं. सालपटाची काडी भेंडात खुपसली की सांधा तयार. खिळा नको, दोरा नको, डिंकही नको. या दोन जिनसांवर इथल्या पिढ्यांनी बैलगाड्या आणि चष्मे केले. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करायला देशभरच्या मुलांना शिकवलं; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ते काम पाहिलं तेव्हा मला आमचं धाट आठवलं. भेंडाचे आठ तुकडे आणि सारख्या लांबीच्या बारा काड्या घेतल्या की चौकोनी आकाशकंदिलाचा सांगाडा उभा राहतो. आणखी काड्या घेऊन तिरप्या लावल्या की तो डुगडुगत नाही. त्यावर पतंगी कागद चिकटवायचा. मी फक्त नक्षीचा एक कोपरा छापून देते; कागद चार पदरी दुमडून मुलांनी तो कातरला की चारी कोपरे सारखे निघतात. सालपटाची धार ब्लेडसारखी असते, म्हणून सोलण्याचं काम मोठ्या माणसानं करावं. आत पणती किंवा मेणबत्ती कधीच लावू नये, छोटा एलईडी दिवा लावावा. कडबा आणि कागद दोन्ही क्षणात पेटतात.

खाऊच्या बाबतीत संक्रांतीचा हलवा हा माझ्या दृष्टीनं घरगुती कारागिरीचा कळस आहे. मुख्य साहित्य तीन: तीळ, साखर, पाणी. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळायचं, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढायची, पाक फडक्यातून गाळायचा. तो एकतारीच्याही अलीकडे, पातळच ठेवायचा. परातीत मूठभर निवडलेले तीळ अगदी मंद आचेवर कोमट करायचे, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सारखे फिरवत राहायचं. दाणा कोरडा झाला की पुढचा चमचा. पाकातलं पाणी उडतं आणि साखर तिळावर स्फटिक होऊन बसते. पहिला बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं, तीळ नुसते पांढुरके दिसतात. मग दाण्याला अंग येतं आणि त्यावर बारीक टोकं दिसू लागतात. इथून पुढे हात हलका हवा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर काटा झडून परातीत भुकटी होते. परात उतरवून रात्रभर उघडी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

हे काम जानेवारीतच जमतं, कारण त्याला थंड आणि कोरडी हवा लागते. दमट हवेत साखर ओल धरते आणि काटा उभा राहत नाही. परंड्याची हिवाळ्यातली कोरडी हवा हलव्याला फार मानवते. सणांचा खाऊ ऋतूशी बांधलेला असतो तो असा. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, संक्रांतीला तीळ-गूळ, पाडव्याला उन्हाळ्याच्या तोंडावर साखरेच्या गाठी. त्या त्या वेळी जे पिकलेलं, साठवलेलं आणि हवेला सोसणारं असतं, तेच परवडतं. स्वस्त खाऊचं गणित शोधायला बाहेर कुठं जावं लागत नाही, पंचांग पाहिलं की पुरतं.

पाकाशी मुलांचं काम नाही. तो अंगावर उडाला तर खोल भाजतो. त्यांनी तीळ निवडायचे आणि पुड्या करायच्या. एका ए-फोर कागदात चार पुड्यांचे नमुने बसतात. वर मी पतंग, ऊस किंवा सुगडाची नुसती बाह्यरेषा देते. रंग त्यांचा, आणि खाली एक मोकळी ओळ, ज्याला तिळगूळ द्यायचा त्याच्या नावासाठी. छापलेली बाजू बाहेर ठेवायची आणि आत कोरा कागद घालायचा, कारण शाई खाण्याला लागता कामा नये. वर्तमानपत्राच्या कागदात तर काही बांधूच नये. त्या मोकळ्या ओळीत मुलांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. आजोबांचं पूर्ण नाव काय, शेजारच्या काकूंना काकू म्हणायचं की नावानं लिहायचं, ज्याच्याशी भांडण झालंय त्याला पुडी द्यायची का, हे सगळं तिथं ठरतं. संक्रांतीचा सण मुलांना खऱ्या अर्थानं तिथंच कळतो. बोरन्हाणालाही हाच हलवा, बोरं, उसाचे करवे आणि चुरमुरे पुरतात. तान्ह्या मुलाच्या अंगावर घातलेले हलव्याचे दागिने घरी ओवलेले असले तर त्यांना आजीच्या हातांची ओळख असते.

काटकसर कुठं करायची हेही ठरलेलं असावं. कात्री चांगलीच घ्यावी; बोथट कात्रीनं मूल कागदाला आणि स्वतःलाही वैतागतं. तीळ आणि गूळ चांगला घ्यावा. बाकी सगळं घरात असतं: जुन्या वह्या, लग्नपत्रिका, साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा, संपलेली रिफिल. लग्नपत्रिकांचा जाड कागद बुरुजांना फार उत्तम, आणि त्याची पाठ कोरी असते.

तयार रंगीत नमुने आता मोबाइलवर ढिगानं मिळतात. त्यातले बरेचसे पूर्ण भरलेले असतात, मुलानं फक्त कापून चिकटवायचं. मला ते अपुरे वाटतात, कारण त्यात मुलाच्या गावाला आणि डोळ्यांना जागाच नाही. चांगल्या नमुन्याची माझी परीक्षा सोपी आहे. दहा मुलांना एकच कागद द्यावा आणि संध्याकाळी दहा वेगळ्या वस्तू समोर याव्यात. दहाही सारख्या आल्या तर नमुना पुन्हा काढायला बसावं.

येत्या सुट्टीत तुम्हीही एक कागद काढा. तुमच्या गावातली वेस, बारव, मठ, पार, एसटी स्टँड, काहीही घ्या. ठळक रेघांनी फक्त बाह्याकार काढा, आतला भाग कोरा ठेवा, झेरॉक्स काढून गल्लीतल्या मुलांना वाटा, आणि सोबत शेंगदाणे-गूळ ठेवा. चित्रकला येत नाही म्हणून अडू नका. बाह्याकार काढण्यापुरती ती प्रत्येकाला येते. आतलं मुलं भरतील.