धावदोरा

आज दुपारी काकूंनी अखेर सुई हातात दिली. पालमच्या उन्हात बाहेर पडायची सोय नाही, मग ओसरीवर गोधडी पसरली. आत जुनी धोतरं, वर विटलेलं लुगडं.

धावदोऱ्यात शिकायचं ते काय, असं कुणीही म्हणेल. पण काकू टाका-टाका ओढत नाहीत. सुईवर तीन-चार टाके भरतात, मगच दोरा खेचतात. डावा हात कापडाखाली. बोटाला टोक टोचलं की सुई सगळ्या थरांतून पार गेली. दोरा ताणला तर कापड गोळा होतं, सैल सोडला तर टाका कुठेतरी अडकून तुटतो. कडेपासून सुरुवात, मग चौकोनात चौकोन घेत मधोमध.

बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, जपानचा साशिको, सगळ्यांचा जीव या एका टाक्यात. त्यांची प्रदर्शनं भरतात. आमच्या वाकळी उन्हात वाळत पडतात. (तक्रार नाही. म्हणजे, आहे थोडी.)

फुलं काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "आधी सरळ चाल, बाई."

उद्या उलटी टीप. ती पक्की, पण दोरा फार खाते, म्हणून काकूंचा तिच्यावर राग. रीळ मात्र मीच आणायचं.